पॅटच्या गायीचा सौदा

पहाटे घुंगरमाळांचा आवाज आला की आम्ही अंथरुणातच ओळखायचो, आज गुरांचा बाजार. त्या आवाजावर मी वाढलो. बाजारातलं आपल्याला सगळं कळतं, असा माझा समज होता. तो अमेरिकेत कसा फुटला, ते सांगतो. हसायचं तर हसा, बापडे!

दोन हजार पाचच्या सुमारास मी लेकाकडे शुगर लँडला होतो. वसाहतीमागे पॅट नावाचा म्हातारा राहायचा. मूळचा आयर्लंडचा. बायको वारलेली, घरात माणूस नाही, कुंपणात एक तांबडी गाय. मला इंग्रजी येत नाही. सूनबाई अंजली दोन्हीकडचं सांगायची.

पॅटच्या गावी म्हणे भर रस्त्यात गुरांची जत्रा भरायची. आमच्याकडे उपरण्याखाली बोटं धरून भाव ठरतो, त्यांचं सगळं उघड्यावर. दोघं अडून बसले की तिसराच कोणी त्यांचे हात ओढून एकमेकांवर आपटायचा. टाळी वाजली की सौदा पक्का. नंतर शब्द फिरवणाऱ्याला गावात कोणी विचारायचं नाही.

एका रविवारी पॅटच्या दूर राहणाऱ्या मुलानं परस्पर गायीला एक गिऱ्हाईक पाठवलं. आम्ही तिथंच होतो. गिऱ्हाईक भाव वाढवी, पॅट मान हलवी. शेवटी पॅटनं पाठच फिरवली.

"बाबा, ते नको म्हणतायत," अंजली म्हणाली.

"अगं, बाजारात नको म्हणजे वाढव! मुरलेला गडी आहे."

"खरंच नकोय त्यांना. त्यांच्या मिसेसनी वाढवलीय ती गाय. बाबा, प्लीज!"

"तू थांब गं. तुझा जन्म फ्लॅटमधला!"

आणि मी मध्ये शिरलो. दोघांचे हात धरले, आणि दिले आपटून! काय टाळी वाजली म्हणता!

"ओ माय गॉड, बाबा!"

गिऱ्हाईक खूश. पॅट मात्र आपल्या तळहाताकडे बघत राहिला. मग कुंपणात गेला, गायीचं कपाळ खाजवलं, दावं सोडलं आणि गिऱ्हाइकाच्या हातात दिलं. हाताला हात लागला होता ना!

तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला. मी हात जोडले. माझं 'चुकलं, चुकलं' अंजली रडवेल्या आवाजात इंग्रजीत सांगत होती. तेवढ्यात गिऱ्हाइकानं माझी पाठ थोपटली. "गुड जॉब!"

जन्मभर बाजार फिरलो, पण माझ्या हातून कधी एक सौदा जुळला नव्हता. जुळला तो हा.

पॅटनं अंजलीचं सगळं ऐकून घेतलं. टोपी डोक्यावर सारखी केली, आणि माझ्या शेजारून घराकडे चालत गेला.