मामंजींचा खोकला

लग्न होऊन मी रहिमतपूरजवळच्या सासरी आले, तेव्हा सासूबाईंनी मला आधी खोकले शिकवले. घरातला पुरुष सोप्यातून आत यायचा तो खोकून. मग सुनेनं पदर डोक्यावर ओढायचा आणि तोंडातलं बोलणं गिळायचं. आजूबाजूला कुणी नसलं, तर सूट फक्त नवऱ्यापुरती. थोरले दीर कुत्रं हाकलावं तसे खोकत, ते लगेच ओळखू आले. घोटाळा होता तो सासऱ्यांचा, म्हणजे मामंजींचा, आणि आमच्या ह्यांचा. एक लांब, एक तोकडा, शेवटी घसा साफ. बापानं जमिनीच्या आधी खोकलाच लेकाच्या नावावर केला होता.

"मामंजींचा जाड हाय, त्येचा पातळ," सासूबाई म्हणायच्या. "ध्यान दिऊन ऐक की गं!"

मी कान टवकारून ऐके. मला दोन्ही जाडच वाटत.

हे पलटणीत होते. लढाईचे दिवस. थोड्या रजेवर आले, ती रजा सगळी आईनंच खाल्ली. घर पाहुण्यांनी भरलेलं, आणि चारचौघांत नवऱ्याशी बोलायची सोय नव्हती. उद्या निघायचे, तरी परत कधी येणार एवढंही मला विचारता आलं नव्हतं. मी नुसती धुमसत होते.

दुपारी चुलीपुढं भाकरी थापताना मागं खोकला झाला. पातळ! अगदी नक्की पातळ. मान न वळवता मी फणकारले, "आलं का पलटणीचं सायेब? आईच्या मांडीवरनं उठायला गावलं व्हय एकदाचं?"

तव्यावरची भाकरी करपली. मग मामंजींचा आवाज आला, "न्हाई, अजून बसलाय. धाडतो त्येला."

धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं. पण त्यांनी खरंच धाडलं, आणि सासूबाईंना म्हैस दाखवायला म्हणून परड्यात नेलं. करपलेल्या भाकरीपुढं बसून आम्ही पोटभर बोललो. परत कधी येणार, ते मात्र ह्यांनाही ठाऊक नव्हतं.

हे गेल्यावर खोकला ऐकला की मला हेच आलेसं वाटायचं. माणूस कुठल्या कुठं आहे हे कळत असूनही पिठाच्या हातांनी उठून दाराशी जायचे. समोर मामंजी. एकदा त्यांनी माझ्या तोंडाकडं पाहिलं आणि माघारी फिरले.

दुसऱ्या दिवसापासून ते उंबऱ्यावर काठी आपटत यायला लागले.

"आवं, उंबरा फोडताय व्हय?" सासूबाई करवादल्या. "खोकायला काय झालं?"

"खोकला बरा झाला माझा."

बरा कसला! गोठ्यात जाऊन, तोंडावर पटका धरून मनसोक्त खोकत. मला सगळं ऐकू यायचं. माझी त्यांच्यावर फार माया जडली ती तेव्हापासून.

लढाई संपली. एका दुपारी मी भाकरी थापत होते आणि मागं खोकला झाला. काठी वाजली नव्हती.

मी डोक्यावर पदर घेतला नाही.