कोरडा बोर आणि कॅस्पियनचा गाळ

माझी मुलगी सृष्टी चालायला शिकली तीच दगडाच्या चुऱ्याच्या ढिगांमधून. तिचे वडील सोमनाथ सिन्नरला बोरची गाडी चालवतात. दर दहा फुटांना जो चुरा वर येतो, त्याचा वेगळा ढीग लावतात. ती रांग पाहिली की किती खोल कसला खडक लागला ते कळतं. सृष्टी ती रांग पाढ्यांसारखी म्हणायची. पण बोर सुरू होताना मात्र तिला लांब उभं करायचे. आमच्या घरात समजच तसा, बाई यंत्राजवळ आली की पाणी पळतं.

पुढे तिनं भूगर्भशास्त्रात एम.एस्सी. केलं आणि गेल्या मार्चमध्ये तिला कॅस्पियन समुद्राकाठी तेलविहिरीवर नोकरी मिळाली. वर आलेला चुरा तपासायचा. म्हणजे बापाचंच काम, फक्त हजारो मीटर खोल.

दिंडोरीला माझे थोरले दीर रंगनाथ यांच्या ओसरीवर विषय निघाला.

"समुद्राखाली तेल आलं कुठून गं?" त्यांनी विचारलं. "कुणी सांडलं का?"

सृष्टीनं सतरंजीची दोन टोकं एकमेकांकडे ढकलली. मधे घड्या उठल्या. "काका, फार पूर्वी तिथं महासागर होता. दोन्हीकडची जमीन सरकत जवळ आली, महासागर मिटला, एक तुकडा मधे अडकला. तोच कॅस्पियन. नद्या त्यात गाळ ओतत राहिल्या, तळ खचत गेला, पुन्हा गाळ. काही ठिकाणी वीस किलोमीटर जाड! त्यात पुरले गेलेले बारीक जीव खालच्या उष्णतेनं शिजले, त्यांचं तेल झालं. ते वर चढतं आणि अशा घडीच्या पोटात, चिकणमातीच्या थराखाली अडकतं."

"माझी सतरंजी सरळ कर आधी," रंगनाथ म्हणाले. "एवढं कळतं तर माझ्या बागेत पाणी दाखव. लागलं तर जा समुद्राला. नाय लागलं तर गुमान घरी बसायचं."

"इथला कातळ लाव्ह्याचा आहे, काका. पाणी फटीत असतं. त्यावर पैज कसली लावता?"

पण मी पटकन म्हणाले, "चालेल, भाऊजी. शब्द दिला." अनोळखी देश, रिगवर सगळे पुरुष. पाणी लागू नये, असंच मला वाटत होतं. लिहायला लाज वाटते, पण खरं आहे.

सृष्टीनं बागेत जागा दाखवली, सोमनाथांनी आपली गाडी तिथं लावली, आणि ती पहिल्यांदाच यंत्राशेजारी उभी राहिली. दोनशे दहा फुटांवर लाल माती आली, लाव्ह्याच्या दोन थरांमधली. "याच्याखाली लागेल," ती म्हणाली. चारशे फुटांपर्यंत नुसती धूळ उडाली.

"बघा! बाई जवळ उभी केली, पाणी पळालं," रंगनाथ म्हणाले. "सोमनाथ, बसव पोरीला घरी. शब्द हाय."

सृष्टी वहीत लिहीत होती. "माझा अंदाज चुकला, काका. पण बाबांचे किती बोर कोरडे गेले? त्यांना कुणी घरी बसवलं का?"

"लय गेले," सोमनाथ म्हणाले आणि पाना उचलून यंत्राकडे वळले.

मी वहीत डोकावले. 'चारशे फूट, कोरडा. लाल थराखाली फटी नाहीत. शेजारच्या जुन्या बोरचे थर विचारणे.' मला हवं होतं तेच घडलं होतं, आणि ही पोर त्यातूनही पुढचा प्रश्न काढत होती.

"भाऊजी," मी म्हणाले, "शब्द मी दिला होता, तिनं नाही. मीच मोडते. ती जाणार."

"आता बायका शब्द मोडायला लागल्या!"

"हो, लागल्या."

भाऊजी अजून आमच्याकडे येत नाहीत. सृष्टीला जाऊन चार महिने झाले. परवा तिनं फोटो पाठवला. टेबलावर चुऱ्याच्या पिशव्यांची रांग, प्रत्येकीवर खोली लिहिलेली. ह्यांनी तो छापून आणून गाडीच्या काचेवर चिकटवलाय. आणि आता बोर सुरू होताना मी गाडीला खेटून उभी राहते, मुद्दाम.

आज तिचा फोन नाही. तिथं वादळी वारं सुटलंय म्हणतात. झोप येईना म्हणून हे लिहीत बसले. काळजीनं जीव अर्धा होतो, होऊ दे. परत ये, असं मी तिला म्हणणार नाही.