सात वाजता झोपणारी झाडं

काचघर हा शब्द आमच्या गल्लीत कुणी वापरत नाही. सगळे 'काचेची खोली' म्हणतात. हिंगोलीत मी ज्यांच्याकडे भाड्याने राहतो त्या काकांच्या गच्चीवर ती आहे. काकूंनी ती बांधून घेतली होती. कुठलीशी जुनी इमारत पाडली तेव्हा तिच्या खिडक्या भंगारात निघाल्या. काकूंनी त्या आणल्या आणि गवंड्याच्या मागे लागून त्यांच्याच भिंती उभ्या करून घेतल्या. त्यामुळे एका खिडकीचं माप दुसरीला जुळत नाही. आत नेचे आहेत, ऑर्किड आहेत, मला नावं माहीत नसलेलीही पुष्कळ झाडं आहेत. आपल्याकडच्या उन्हाळ्यात ती जगणार नाहीत, असं सगळ्यांनी सांगितलं होतं म्हणे. पण एप्रिल लागला की काका-काकू वरून हिरवी जाळी ओढायचे, दुपारी फरशीवर पाणी मारायचे आणि अगदी नाजूक कुंड्या खाली मोरीत नेऊन ठेवायचे. झाडं जगली.

मी औंढ्याजवळच्या खेड्यातला. आई-वडील हळदीच्या कामाला जातात. आमच्या घरात कॉलेजचं तोंड बघणारा मी पहिलाच. इलेक्ट्रॉनिक्स हा विषय घेतला तेव्हा आईने विचारलं होतं, "त्याच्यात टीव्ही दुरुस्त करायला शिकवतेत का?" मी व्हय म्हणालो, कारण दुसरं काय सांगावं ते मलाही कळत नव्हतं.

काका एसटीत कंट्रोलर होते. रोज संध्याकाळी मी जिना चढून वर गेलो की ते विचारायचे, "आज काय शिकवलं?" काही नाही म्हटलेलं त्यांना चालायचं नाही. मग मी ट्रान्झिस्टर सांगायचो आणि ते म्हणायचे, "म्हणजे डेपोचं गेट. बारक्या इशाऱ्यावर मोठी गाडी सोडायची. बराबर?" असं विचारणारं माणूस मला त्याआधी कधी भेटलं नव्हतं. गावाकडे माझी काळजी करणारे खूप आहेत, पण हे विचारता येईल असं कुणी नाही. त्यात त्यांचा दोष नाही.

काकूंचा एक नियम होता. दिवेलागण झाली की झाडांना हात लावायचा नाही. पाणी नाही, खुरपणं नाही, वाळलेलं पानसुद्धा तोडायचं नाही. झाडं झोपलेली असतात. काकांचा अशा गोष्टींवर अजिबात विश्वास नव्हता. ते मला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणायचे, "हिची झाडं ड्रायव्हरपेक्षा भारी. सात वाजले की ड्युटी बंद." काकू म्हणायच्या, "तुमच्या ड्रायव्हरपेक्षा शहाणी हायेत ती. झोपेत गाडी चालवत न्हाईत."

मी दुसऱ्या वर्षाला असताना पावसाळ्यात काकू गेल्या. त्यानंतर सात वाजले की काका स्वतःच काचेच्या खोलीतली ट्यूब बंद करायचे आणि दार ओढून घ्यायचे. ते दार ओढताना आवाज होऊ देत नसत.

त्यांचा मुलगा, मी त्याला दादा म्हणतो, परदेशात असतो. थंडीत दुपारीच अंधार पडतो असा तो देश. वडिलांनी आपल्याकडे येऊन राहावं म्हणून तो कधीपासून मागे लागला होता. व्हिसाही झाला होता. काकांचं उत्तर प्रत्येक वेळी तेच. "झाडांना पाणी कोण घालील?"

या डिसेंबरात दादा आला तो त्या प्रश्नाचं उत्तर बॅगेत घेऊनच. ओल मोजणारे सेन्सर, धुक्यासारखं पाणी सोडणारे बारीक फवारे, जाळी ओढायची मोटर, कॅमेरा. सगळं मोबाईलवर चालणारं. मला म्हणाला, "तू इलेक्ट्रॉनिक्सचा ना? मदत कर मला."

मला नीट सांगता येणार नाही, पण ते काम करताना मला आनंद झाला होता. तीन वर्षं मी जे वहीत काढत होतो ते पहिल्यांदाच माझ्या हाताने चालू होत होतं. मोटर पहिल्यांदा फिरली आणि जाळी आपोआप सरकली तेव्हा मी हसलो. दादाने पाठीवर थाप मारली. काका दारात उभे होते. ते म्हणाले, "छान केलं रे." मग लगेच खाली गेले. ही जाळी सरकली की काकांच्या हातातलं शेवटचं कारण सरकणार, हे मला ठाऊक होतं. काका गेले की घराला कुलूप, आणि मला 'आज काय शिकवलं' विचारणारं कुणी नाही, हेही ठाऊक होतं. तरी वायर सैल ठेवणं माझ्याकडून झालं नाही. सगळे जोड मी घट्ट केले.

पाण्याची वेळ ठरवताना मी दादाला म्हणालो, "सकाळची ठेवू का? काकू संध्याकाळी झाडांना हात लावू देत नव्हत्या."

दादा मोबाईलवरून मान न उचलता हसला. "मलाही नाही लावू द्यायची. लहानपणी धपाटा खाल्लाय मी त्यापायी." मग म्हणाला, "पण सकाळी लाईट जाते असं तूच सांगितलंस ना?"

ते खरंच होतं. संध्याकाळी लाईट बहुधा असते. त्याने सातची वेळ टाकली.

दुसऱ्या दिवशी त्याने आम्हाला दोघांना गच्चीवर बोलावलं. स्वेटरमध्ये गुंडाळून आणलेल्या बिअरच्या चार काळ्या बाटल्या त्याने काचेच्या खोलीत मांडल्या होत्या. तिकडे हिवाळ्यात अशीच काळी, घट्ट बिअर करतात म्हणाला. मी कधी प्यायलो नव्हतो. आमच्या घरात दारूचं नाव काढत नाहीत. दादाला ते कळलं असावं. "नुसती चव बघ. नाही आवडली तर ठेवून दे," म्हणाला.

काकांनी स्टीलची फुलपात्रं आणली. दादाला रंग दिसायला काच हवी होती. मग काकूंचे सरबताचे ग्लास कपाटातून निघाले.

"आधी वास घ्यायचा, बाबा."

काकांनी वास घेतला. "काढा हाय का रे हा?"

"कॉफीचा वास येतोय बघा. आणि गुळासारखं काहीतरी."

"मग कॉफीच करायची ना गूळ घालून. आणि गार काहून? थंडीत गार कोण पितं?"

"ही फार गार प्यायची नसतेच. हळूहळू प्यायची. शेकोटीजवळ बसून."

"एक घोट घ्यायला शेकोटी पेटवायची," काका माझ्याकडे बघून म्हणाले. "ह्याला लहानपणी चहासुद्धा बशीत ओतून द्यावा लागायचा."

मी घोट घेतला. करपलेल्या भाकरीची चव होती, आणि मागून कडू. दुसऱ्या बाटलीतली धुरकट होती. गावाकडे हळद शिजवायच्या कढईखाली ओली लाकडं घातली की कपड्यांना वास बसतो, तसली. मी तसं म्हणालो. दादाला ते फार आवडलं. "बरोबर. याचं माल्ट, म्हणजे मोड आणलेलं धान्य, धुरावर वाळवतात. पोरगा हुशार आहे हो, बाबा." मला आई आठवली आणि पुढचा घोट गेला नाही.

दादा बोलत राहिला. तिथलं घर, खाली असलेली बाग, जवळचा दवाखाना. काका प्रत्येक ग्लासातलं थोडं थोडं पीत होते आणि हूं हूं करत होते. बाहेर कधी अंधारून आलं ते कळलं नाही. दिवा कुणी लावला नव्हता.

तेवढ्यात वर बारीक सूं असा आवाज झाला आणि सगळीकडून धुकं उतरायला लागलं. नेच्यांवर, ऑर्किडवर, आमच्या केसांवर, सरबताच्या ग्लासांवर. खिडक्या एकेक करून पांढऱ्या झाल्या. मला माहीत होतं तरी दचकलो.

काका उठले. दाराजवळच्या बोर्डावर त्यांचा हात गेला. एक बटण दाबलं, दुसरं दाबलं. ट्यूब लागली, विझली. फवारे चालूच.

"याचं बटण कुठं हाय?"

"बाबा, ते मोबाईलवर आहे. पाच मिनिटांत बंद होतं आपोआप."

"झोपलीत ती," काका म्हणाले.

दादाला पटकन कळलं नाही. कळलं तेव्हा तो मोबाईल शोधायला लागला. ओल्या बोटांना पडदा दाद देईना. तो पुसत होता, पुन्हा दाबत होता. "थांबा, एक मिनिट, बाबा, थांबा." आणि ते आपोआपच थांबलं.

पानांवरून पाणी टपकत होतं. काकांनी एका नेच्याचं पान हातात घेतलं. दिवेलागणीनंतर झाडाला हात लावताना मी त्यांना पहिल्यांदाच पाहिलं. पान सोडून ते खुर्चीवर बसले आणि ग्लासात उरलेलं एका घोटात प्यायले.

"तिकीट कधीचं काढायचं?" त्यांनी विचारलं.

दादाचा चेहरा मला बघवला नाही. इतकी वर्षं हेच ऐकण्यासाठी तो थांबला होता. तो म्हणाला, "बाबा, वेळ बदलू आपण. सकाळची करतो."

"राहू दे. बरी दिसून राहिली झाडं."

ते जानेवारीत गेले. परीक्षेपर्यंत किल्ली माझ्याकडे आहे, मग कुणीतरी घर बघायला येणार आहे. दादाने वेळ खरंच सकाळची केली होती. पण सकाळी लाईट गेली की पाणी चुकतं, कुंड्या सुकतात आणि त्याच्या मोबाईलवर लाल खूण येते. दोन-तीनदा असं झाल्यावर ती वेळ पुन्हा सातवर गेली. झाडं कधी नव्हती इतकी चांगली आहेत. एका ऑर्किडला तुरा आलाय.

सुरुवातीला काका बरेचदा फोन करायचे. आता कमी करतात. आज काय शिकवलं, हे त्यांनी तिकडून एकदाही विचारलं नाही. मीही आपण होऊन सांगितलं नाही. परवा फोन आला तेव्हा मी काचेच्या खोलीतच होतो. कॅमेऱ्यात त्यांना दिसलो असेन.

"पाणी देऊन राहिला का?"

"मशीन देतं, काका."

"व्हय, व्हय," ते म्हणाले. "मग तू काहून बसून राहिला तिथं?"

अभ्यास करतोय म्हणालो. पुस्तक खाली खोलीतच राहिलं होतं.