निळी फुली

सिरिकी त्राओरेला कोणी 'रंगारी' म्हटलं की तो रुसायचा. रंगारी भिंती रंगवतो, मी भिंतींना बोलायला लावतो, असं त्याचं म्हणणं. जुलाबुगू मोहल्ल्यातल्या प्रत्येक न्हाव्याच्या पाटीवरचं डोकं त्याच्या हातचं होतं. त्या सगळ्या डोक्यांना एकच नाक होतं, आणि ते त्याच्या मेव्हण्याचं होतं. चित्रासाठी अर्धा दिवस गप्प बसून राहील एवढा रिकामटेकडा माणूस मोहल्ल्यात तोच सापडला होता.

एकोणिसाव्या वर्षी तो मालीहून आयव्हरी कोस्टमध्ये आला, आणि त्याला आता तीस वर्षं झाली होती. बायको तेनिनही तिकडचीच. दोन्ही मुली मात्र इथे जन्मल्या, इथेच लग्न होऊन आबिजानला गेल्या. घरात आता ही दोघं आणि रंगाचे डबे.

दर दोन वर्षांनी फुटबॉलचा आफ्रिका कप आला की सिरिकीचा भाव वधारायचा. ट्रक-तळाची लांबलचक भिंत त्या महिन्यात त्याची असे. तो तिच्यावर चार गट रंगवायचा. प्रत्येक गटात चार देश, त्यांचे झेंडे, आणि सामन्यांच्या निकालांसाठी रिकाम्या चौकटी. सामना संपला की तो शिडी घेऊन जायचा आणि आकडा भरायचा. लोक रेडिओवर ऐकलेलं असलं तरी विचारायचे, "भिंतीवर आलं का?" भिंतीवर येईपर्यंत हरलेला संघ हरलाय असं कोणी मानत नसे. चौकटींचा निळा रंग तो स्वतः बनवायचा, तैलरंगात कपड्यांची नीळ कालवून. त्याला हिरवट झाक येई, आणि तसा निळा गावात दुसऱ्या कोणाकडे नव्हता.

त्याच्या घरासमोर झिए कोनेचं पंक्चरचं दुकान. त्राओरे आणि कोने या दोन कुळांचं नातं थट्टेचं, आजोबांच्या आजोबांपासून चालत आलेलं. कोनेनं त्राओरेला गुलाम म्हणायचं, त्राओरेनं कोनेला चवळीखाऊ म्हणायचं, आणि राग कोणी धरायचा नाही. लग्नात म्हणायचं, मयतीला म्हणायचं. पण एकमेकांच्या अंगाला हात लावायचा नाही, दारी आलेल्याला परत धाडायचं नाही. ही थट्टा मोडली तर घराचं वाटोळं होतं, असं दोन्ही घरांतली लहान पोरंसुद्धा जाणून होती.

"काय रे गुलामा, मालकाआधी उठलास?" असं झिए रोज सकाळी टायर बाहेर मांडताना ओरडायचा.

"तुझ्या पोटातल्या चवळीनं सगळी गल्ली जागी केली," असं सिरिकी उलट ओरडायचा. मग दोघं चहाला बसायचे. तीस वर्षांत सिरिकीनं एकदाही गुलामी कबूल केली नव्हती. कुठलाच त्राओरे करत नाही.

त्या वर्षी गटांच्या चिठ्ठ्या निघाल्या तेव्हा ते झिएच्याच दुकानात रेडिओला कान लावून बसले होते. चौथा गट : आयव्हरी कोस्ट, झांबिया, अंगोला आणि माली. झिएनं मांडीवर थाप मारली. "एकाच गटात! गुलामा, आता तुझ्या देशाला भर मैदानात विकतो की नाही बघ!"

सिरिकी हसला. पण घरी आल्यावर त्यानं ताट बाजूला सारलं.

"गटातला शेवटचा सामना आहे," तो तेनिनला म्हणाला. "आपला आणि त्यांचा."

"आपला म्हणजे कोणाचा?" तेनिननं विचारलं.

भीती उगीच नव्हती. देशात उत्तर-दक्षिण लढाई पेटली त्या वर्षी याच गल्लीत कोणीतरी कोळशानं दारांवर खुणा केल्या होत्या, परदेशी लोकांची घरं कुठली ते कळावं म्हणून. ज्यांनी खुणा पुसल्या त्यांच्याकडे घरं जाळणारे आधी गेले. सिरिकी आणि तेनिन अकरा दिवस झिएच्या दुकानात टायरांच्या थप्पीमागे राहिले होते. त्यांच्या दाराची खालची फळी अजून जळून काळी होती. सिरिकीला जगातलं काहीही रंगवता येत होतं, पण ती फळी त्यानं कधी रंगवली नाही.

स्पर्धा सुरू झाली. आयव्हरी कोस्टनं अंगोलाला हरवलं तेव्हा सिरिकीनं चौकटीत आकडा भरला आणि लोकांनी त्याला शिडीसकट उचलून नाचवलं. मग आयव्हरी कोस्ट झांबियाकडून हरलं. तो आकडा भरताना शिडी धरायलाही कोणी आलं नाही. दुसरीकडे मालीनं अंगोलाला हरवलं होतं आणि झांबियाशी बरोबरी केली होती. पहिले दोन संघ पुढे जाणार होते. आता हिशोब ट्रक-तळावरच्या शेंबड्या पोरालाही पाठ झाला होता : आयव्हरी कोस्टला मालीला हरवावंच लागणार. बरोबरीही चालणार नाही.

"पाहुणे ताटावर बसले की उठतच नाहीत," असं एक ड्रायव्हर शिडीकडे न बघता बोलला. सिरिकीनं ऐकलं न ऐकलंसं केलं. तेनिननं दोरीवर वाळत घातलेलं मालीच्या रंगांचं लुगडं ओलंच आत आणलं.

सामन्याला दोन दिवस होते. सकाळी सिरिकीनं दार उघडलं आणि त्याच्या हाताला ओला रंग लागला. दारावर फुली होती, हातभर लांब आणि निळी.

त्याला कोळशाच्या खुणा आठवल्या. मग त्यानं बोटं नाकाशी नेली, उजेडात धरली, आणि तो खो खो हसायला लागला. हिरवट झाकेचा निळा! त्याचाच रंग. गेल्याच आठवड्यात झिएला दुकानातलं बाकडं रंगवायला त्यानं अर्धा डबा दिला होता.

"हसताय काय?" तेनिन आतून म्हणाली.

"अगं, चवळीखाऊची चेष्टा आहे. रंग बघ ना!"

"असली चेष्टा कोणी करतं?"

"कोने करतो. कोनेला अक्कल असती तर त्यानं चवळी खाल्ली असती का?" असं म्हणत तो रस्ता ओलांडून गेला आणि दुकानाच्या तोंडाशी उभा राहून ओरडला, "ए चवळीखाऊ! फुली काढायची तर सरळ काढावी. तुला दोन रेघाही जमत नाहीत!"

झिए ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडे बघत होता. "कसली फुली?"

सिरिकीनं दाराकडे बोट दाखवलं. झिए उठला, रस्ता ओलांडून दारापाशी गेला. बोटानं रंग चाचपला. मग त्यानं मागे वळून आपल्या दुकानाकडे पाहिलं. तिथे बाकड्याखाली निळा डबा उघडा होता, ब्रश त्यातच पडला होता. डब्याशेजारी त्याचा मुलगा फुसेनी पाठमोरा बसून टायर घासत होता. चोवीस वर्षांचा तगडा गडी. हाक मारली तरी वळला नाही.

"हो," झिए म्हणाला. "मीच काढली."

एवढंच. गुलामा नाही, मालक नाही, सिरिकीच्या आजोबांचा उद्धार नाही. तीस वर्षांत झिए कोनेनं मिळालेली संधी पहिल्यांदाच सोडली होती, आणि तेवढ्यानंच सिरिकीला सगळं कळलं.

लढाईच्या वर्षी खुणा करणारे कोण होते ते कोणालाच ठाऊक नव्हतं, आणि त्यातही एक आधार होता. या वेळी खूण करणारा कोने होता. ज्या फुसेनीला सिरिकीनंच खांद्यावर बसवून झेंडे ओळखायला शिकवलं, तो. कोनेंच्या पोरानं त्राओरेच्या दारावर फुली काढली, मग बाकीच्यांना कोण अडवणार? फुसेनीला बाहेर पोरं हिणवतात, तू कुठला इथला, तुझं नाव तर उत्तरेकडचं, मालीवाल्यांसारखं, हे सिरिकीनं ऐकलं होतं. कोणाला तरी परकं ठरवलं की आपण इथले ठरतो, असं त्याला वाटलं असेल. पण असं समजून घेतल्यानं भीती काही कमी होत नव्हती.

तेनिननं बोचकं बांधलं. "मालीकडची, सिकासोची गाडी उद्या आहे."

"रस्त्यात गाडी अडवली तर? इथे निदान भिंती तरी आहेत."

"मग ती फुली पुसा."

"पुसणाऱ्यांकडे ते आधी आले होते," सिरिकी म्हणाला. बोचकं दाराशी तसंच राहिलं आणि फुलीही राहिली.

सामन्याचा दिवस उजाडला, सामना संध्याकाळी पाचला होता. दुपारी झिएनं दुकानातली लोखंडी खुर्ची उचलली, सिरिकीच्या दारासमोर आणून ठेवली आणि पाठीनं फुली झाकेल असा बसला. मांडीवर रेडिओ. "आत जा आणि कडी लाव," एवढंच तो म्हणाला.

सिरिकी आणि तेनिन दारामागे जमिनीवर बसली. फळीपलीकडून समालोचन ऐकू येत होतं. विसाव्या मिनिटाला आयव्हरी कोस्टनं गोल केला आणि सगळा मोहल्ला गरजला. "अल्लाची कृपा!" सिरिकी पुटपुटला. तेनिननं त्याच्याकडे पाहिलं. ज्या देशात त्याच्या आईची कबर होती तो हरावा म्हणून तो देवाचे आभार मानत होता. त्याला स्वतःची किळस आली, तरी तो मनात म्हणतच राहिला, असंच राहू दे, असंच राहू दे.

चौऱ्याऐंशीव्या मिनिटाला मालीनं बरोबरी केली.

त्याच्या छातीत काहीतरी टुणकन उडालं. आनंदच होता तो, लपवता येण्यासारखा नव्हता. तेनिननं तोंडावर पदर दाबला. तिचंही तेच झालं होतं. मग बाहेरची शांतता दोघांच्या लक्षात आली. गल्लीत एक कोंबडी चालत होती, तिची पावलंही ऐकू येत होती. सामना संपला. एक-एक. आयव्हरी कोस्ट घरी.

आधी दूरवर पत्र्यावर दगड पडल्याचा आवाज झाला. मग पावलं, पंचवीस-तीस जणांची. ती दारासमोर थांबली.

"म्हातारबा, बाजूला व्हा," कोणीतरी म्हणालं. "हे घर कोणाचं?"

"माझं," झिएचा आवाज आला. "आत माझा गुलाम राहतो."

"आत मालीवाला राहतो!"

"त्राओरे राहतो. त्याच्या आजोबाला माझ्या आजोबानं चवळीच्या एका टोपलीत विकत घेतला. टोपली जरा जास्तच झाली, पण व्यवहार तो व्यवहार. हा कोनेंचा माल आहे." खुर्ची करकरली. "तुमच्यात कोणी कोने आहे का? असेल तर पुढे ये बाबा, आणि आपल्या हातानं आपल्या घरच्या मालाला काडी लाव. मी बघतो."

कोणी पुढे आलं नाही. सिरिकीनं फटीतून पाहिलं. फुसेनी तिसऱ्या रांगेत होता, हातात काठी, नजर स्वतःच्या चपलांवर.

"खोटं बोलतोय म्हातारा," पुढचा एक जण म्हणाला. "त्यालाच विचारू."

"विचारा की," झिए म्हणाला. "सिरिकी, बाहेर ये."

तेनिननं त्याचा सदरा धरला. त्यानं तिची बोटं एकेक करून सोडवली आणि कडी काढली. बाहेरच्या उजेडात त्याला चेहरे दिसेनात, नुसत्या काठ्या दिसल्या.

"सांग यांना," झिए त्याच्याकडे न बघता म्हणाला. "तू कोणाचा गुलाम?"

या प्रश्नाला तीस वर्षांचं ठरलेलं उत्तर होतं : तुझा आजोबा माझ्या आजोबाच्या चुलीवर चवळी शिजवायचा. ते जिभेवर आलंही होतं. त्यानं ते गिळलं.

"कोनेचा," तो म्हणाला.

"ऐकू नाही आलं."

"मी झिए कोनेचा गुलाम आहे!" सिरिकी ओरडला. त्याचा आवाज फाटला.

मग मागून कोणीतरी फिसकन हसलं. त्राओरेनं गुलामी कबूल केलेली आजवर कोणी ऐकली नव्हती. हसू पुढे सरकत आलं, काठ्या खाली आल्या. "म्हातारबा, सांभाळा आपला माल," असं म्हणून ते पांगले. फुसेनी सगळ्यात आधी निघून गेला.

झिए मात्र खुर्चीतून उठला नाही. अंधार पडेपर्यंत तो फुलीला पाठ लावून तिथेच बसला.

दुसऱ्या दिवशी सिरिकीनं भिंतीवर एक-एक भरलं. फुसेनी उत्तरेला मामाकडे निघून गेला. मोहल्ला पुन्हा हसूबोलू लागला. पण झिए सकाळी टायर मांडताना ओरडेना. "या सिरिकीभाऊ, चहा घ्या," असं अदबीनं म्हणायचा आणि पंक्चरमध्ये डोकं घालायचा. पहिल्या दिवशी सिरिकीनं दुर्लक्ष केलं. आठवडा गेला तेव्हा त्याला धडकी भरली. काठ्या बघून भरली नव्हती एवढी. कोने लाजत होता. जो शब्द खरा करून दाखवावा लागला तो आता त्याच्या तोंडून निघत नव्हता. आणि तो शब्दच मेला, तर दोन वर्षांनी पुन्हा चिठ्ठ्या निघतील तेव्हा दारात खुर्ची टाकून कोण बसणार, आणि काय म्हणणार?

शुक्रवारी त्यानं तेनिनला चवळी शिजवायला लावली. मोठा वाडगा भरला आणि भर दुपारी, सगळ्यांच्या देखत, रस्ता ओलांडून झिएच्या पुढ्यात ठेवला.

"घे. तुझ्या आजोबांचं जेवण."

झिएनं हातातली ट्यूब खाली ठेवली. "पोरानं ब्रश माझ्याच दुकानातून घेतला रे," तो हळूच म्हणाला.

"माहीत आहे मला. रेघही सरळ नव्हती. कोनेंच्या हातात कला नाही."

झिएनं हात धुतले. एक घास घेतला, सावकाश चावला, गिळला. सिरिकीचं सगळं लक्ष त्याच्या तोंडाकडे होतं, मालीच्या गोलच्या वेळीही त्यानं इतका श्वास रोखला नव्हता.

"मीठ कमी आहे," झिए म्हणाला. त्यानं दुसरा घास घेतला, आणि डोळे पुसत ओरडला, "गुलामाच्या हाताला चवच नाही!"

सिरिकी निळ्या बाकड्यावर मटकन बसला.