तिच्या स्वभावाबद्दल मी जे सांगितलं

कळमेश्वरला औषधांच्या एका कारखान्यात पॅकिंगची सुपरवायझर म्हणून मी लागले, तेव्हा तिथल्या अधिकाऱ्यांत बाई म्हणजे मी एकटीच. नागपूरच्या उच्चभ्रू धरमपेठेतली, बी.एस्सी. झालेली, आणि मिजास तर विचारूच नका! माझ्या हाताखाली एक मॅट्रिक झालेली बाई होती, माझ्याहून दहा वर्षांनी मोठी. तरी मी तिला अगं-तुगं करायची आणि ती मला मॅडम म्हणायची. काम मला तिनेच शिकवलं.

एकदा खोक्यांवर औषधाची तारीख चुकीची छापली गेली. न बघताच मी सही ठोकली होती. तिने माल अडवला आणि सगळ्यांसमोर म्हणाली, "मॅडम, काय करून राहिल्या? तारीख पाहा ना जरा!" माझी नोकरी वाचली ती तिच्यामुळे. पण चारचौघांत बोलली, याचाच राग मी धरून बसले.

पुढे घरदार सांभाळून ती बाहेरून बी.ए. झाली. नेमका तेव्हाच दुसऱ्या पाळीला सुपरवायझर हवा होता. आता पदवीचीही अडचण उरली नव्हती. मॅनेजरसाहेबांनी मला बोलावलं. "शिक्षणाचं ठीक आहे. पण बाईचा स्वभाव कसा आहे?" हे साहेब स्वतः दिवसाआड कुणाच्या तरी अंगावर फाईल भिरकावायचे. त्यांना सगळे 'कडक' म्हणत.

मी म्हटलं, "कामाला चांगली आहे. जरा तापट आहे, एवढंच."

साफ खोटं! इतकी शांत बाई मी पाहिलेली नाही. पण साहेबांच्या टेबलापुढे बाईमाणसासाठी खुर्ची एकच आणि ती माझी, असं मला वाटायचं. सांगायला लाज वाटते, पण वाटायचं. जागा तिच्याकडेच काम शिकलेल्या एका माणसाला मिळाली. शिवीशिवाय त्याचं वाक्य सुरू व्हायचं नाही. साहेब खूश होते, म्हणायचे, "दम आहे गड्यात."

त्यानंतरच्या सोमवारी ती माझ्या टेबलाशी आली. डोळे सुजलेले.

"नाही झालं मॅडम माह्यं. पण तुम्ही साहेबाले माह्यासाठी बोलल्या, मले मालूम हाय. बाईसाठी बाईच बोलते, दुसरं कोन बोलते?"

तिचा नवरा विणकर. त्याने घरच्या मागावर विणलेली साडी तिने माझ्यापुढे ठेवली. नको म्हणायचं तर खरं सांगावं लागलं असतं. मी साडी उलगडून पाहिली आणि म्हटलं, "रंग छान आहे गं."