आतोबांच्या मोटारीचा सकाळचा खोकला

जगात ज्याला म्हणून आवाज आहे त्याला आपलं दुखणं लपवता येत नाही, या एका विश्वासावर सबंध आयुष्य काढलेला माणूस माझ्या पाहण्यात एकच, आणि ते म्हणजे माझ्या आत्याचे यजमान. आम्ही भाचरं त्यांना आतोबा म्हणत असू. जव्हार संस्थानच्या जंगलखात्यात त्यांची उभी नोकरी सागाचे ओंडके पारखण्यात गेली. ओंडक्याच्या एका टोकाला आपण कान लावायचा, दुसऱ्या टोकाला गड्याने मोगरीचा ठोका द्यायचा. आवाज भरीव आला तर खडूने फुली, पोकळ आला तर गोल. पुढे पेन्शन झाली, ओंडके सुटले, पण ठोकायची सवय सुटली नाही. बाजारात भोपळा ठोकून घ्यायचे, मडकं ठोकून घ्यायचे, इथवर ठीक होतं. पण कुणाच्या घरी गेले की आधी दाराची चौकट ठोकायचे आणि बसायच्या आत यजमानाला सांगायचे की डाव्या बाजूला वाळवी आहे. मला पाहायला एकदा नाशकाहून एक गृहस्थ आले होते. निघताना आतोबांनी त्यांच्या पाठीवर प्रेमाने थाप मारली, जरा थांबून पुन्हा एक मारली, आणि ते दिसेनासे झाल्यावर आत्याला म्हणाले, "मुलगा दिसायला बरा आहे, पण आतून पोकळ आहे." आत्या आठवडाभर त्यांच्याशी बोलली नाही. त्या गृहस्थांनी वर्षभरात तीन नोकऱ्या सोडल्याचं कानावर आलं, तेव्हा मात्र तिने आपण होऊन नवऱ्याला शिरा करून घातला.

देवाने त्यांना कान इतके दिले की नाक द्यायचं राहून गेलं असावं, किंवा दिलं असेल तर ते त्यांनी तपकिरीने बुजवून टाकलं होतं. सकाळी डोळे उघडायच्या आधी हात डबीकडे जायचा. एकदा शेकोटीशी बसून ते मला ऐन आणि साग यांच्या आवाजातला फरक समजावत होते आणि त्यांच्या धोतराचा सोगा जळत होता. धुराने माझे डोळे चुरचुरायला लागले, आत्या आतून धावत आली, तिने तांब्याभर पाणी ओतलं, तेव्हा कुठे आतोबांनी खाली पाहिलं. "मला वाटलं ऐन तडतडतोय," ते म्हणाले. नाकाला त्यांच्या लेखी किंमतच नव्हती. नाक हा चष्मा टेकवायला केलेला अवयव आहे असं ते गंभीरपणे सांगत.

मी त्या वेळी जव्हारच्या मुलींच्या शाळेत मास्तरीण होते आणि आत्याकडेच राहत होते, त्यामुळे मोटारीचं प्रकरण मी पहिल्या दिवसापासून पाहिलं. मुंबईच्या कुणा व्यापाऱ्याने हौसेने जुन्या पेट्रोलच्या मोटारीत डिझेलचं इंजिन बसवून घेतलं होतं. हौस फिटल्यावर त्याने ती मोटार आतोबांच्या गळ्यात मारली. आतोबांनी घेण्याआधी ती पुढून, मागून, खालून ठोकली आणि "भरीव आहे" असा निर्वाळा दिला. पण नुसती हौस म्हणून त्यांनी ती घेतली असं जव्हारात जे म्हणत त्यांना खरं माहीत नव्हतं. मला ते त्यांनी एकदाच सांगितलं, तेही दुसरीकडे पाहत. नोकरीत असताना ते मोखाड्याच्या रानात ओंडके पारखत बसले होते. पोशेरा गावचे चौघेजण एका आजारी माणसाला डोलीत घालून जव्हारच्या दवाखान्याकडे चालले होते, ते घटकाभर सावलीला टेकले. आतोबांनी सवयीने त्या माणसाच्या छातीला कान लावला. "आवाज नव्हता," ते म्हणाले. "आणि दवाखाना अजून चार कोस होता. त्यांना कसं सांगायचं ते मला कळेना, म्हणून मीही एका खांद्याला लागलो."

म्हणून मोटार. पेन्शनीत निघाल्यावर आतोबा दोन वर्षं दवाखान्याच्या डॉक्टरांच्या मागे लागले होते की आठवड्यातून एकदा, खोडाळ्याच्या बाजाराला, तुम्ही औषधांची पेटी घेऊन चला, न्यायचं-आणायचं माझ्याकडे. बाजाराला पाड्यापाड्यांची माणसं उतरतात, दुपारच्या आत परत डोंगर चढायला लागतात; तेवढ्यात जो दिसेल तो रोगी पाहायचा. डॉक्टर अखेर तयार झाले. रोग्यांची नावं लिहून घ्यायला मी जाऊ लागले, कारण बाजाराच्या दिवशी शाळेत मुलीच येत नसत. दसऱ्यापासून फेऱ्या सुरू झाल्या आणि छान चालल्या. दुसऱ्याच फेरीला, वाटेत मोखाड्याला मोटारीत पाणी भरायला थांबलो असता पोशेऱ्याच्या एका म्हाताऱ्याची अडलेली सून आम्हाला मिळाली. आतोबांनी तिथूनच मोटार मागे फिरवली. संध्याकाळी दवाखान्यात मुलगी झाली. तिचा पहिला ट्यांहो ऐकून आतोबांनी भिंतीमागूनच "भरीव आहे" असं जाहीर केलं.

आणि मग पौष लागला. जव्हारची थंडी ज्यांनी पाहिली नाही त्यांना ती सांगून कळायची नाही. कोकणातलं गाव म्हणून लोक पातळ उपरण्यावर येतात आणि दुसऱ्या दिवशी घोंगडी विकत घेतात. पौषात मोटार सकाळी खोकू लागली. उतारावरून ढकलून कशीबशी चालू केली की आत कुणीतरी कुदळीने घाव घालतंय असा खाडखाड ठोका, आणि मागून पांढरा धूर इतका की गल्लीतलं कुत्रंही दिसू नये. दोन बाजार असे गेले की आम्ही खोडाळ्याला पोचलो ते बाजार उठल्यावर. दुसऱ्या वेळी एक बाई तापाने फणफणलेलं मूल घेऊन सकाळभर वाट पाहून परत गेल्याचं तिथे कळलं. डॉक्टर स्वभावाने मऊ, पण परतताना म्हणाले, "पुढच्या बाजाराला आठच्या आत मोटार माझ्या दारात नसेल तर ही फेरी बंद करू. तिकडचे रोगी भेटत नाहीत आणि इकडचे ताटकळतात. हे दोन्हीकडून पाप आहे." त्या रात्री आतोबांनी तपकीरही ओढली नाही, यावरून काय ते समजावं.

दुसऱ्या दिवसापासून आमच्या अंगणात निदान सुरू झालं. इंजिन ऐकायचं तर एक टोक इंजिनावर आणि दुसरं कानाशी असं काही लाकडी हवं, आणि त्या मापाचं घरात एकच होतं: आत्याचं लाटणं. ते काळं होऊन परत आल्यावर आमच्याकडे पोळ्या बंद आणि भाकऱ्या सुरू झाल्या. पहिल्या दिवशी लाटण्याने सांगितलं की बेअरिंग झिजलंय. आतोबांनी इंजिन सोललं, ओसरीवर आत्याचे पापड वाळत होते त्यांच्या शेजारी ओळीने भाग मांडले, पुसले, पुन्हा जोडले, एक स्क्रू उरला तो नेहमीच्या रिवाजाने लोणच्याच्या रिकाम्या बरणीत टाकला (त्या बरणीत घड्याळाचे, शिवणयंत्राचे आणि शेजारच्या पेटीचे मिळून बरेच स्क्रू सुखाने नांदत होते), आणि भर दुपारी मोटार चालू केली. ती सशासारखी पळाली. ठोका नाही, धूर नाही. आतोबांनी गावात दोन चकरा मारल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा खाडखाड आणि धूर. मग बेअरिंग नव्हे, व्हॉल्व्ह. दुपारी व्हॉल्व्ह बरे झाले. तिसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा आजार, दुपारी पिस्टनवर उपाय आणि मोटार ठणठणीत. असे रोज नवा रोग निघायचा आणि दुपारी बरा व्हायचा. इंजिनात डिझेल नेणाऱ्या चार नळ्यांपैकी नेमकी कुठली बिघडलीय ते पाहायला त्यांनी एकेकीचं तेल बंद करून ठोका ऐकला, तर चौघी सारख्याच दोषी निघाल्या. "चौघींनी मिळून कट केलाय," ते मला म्हणाले. हसत म्हणाले, आणि लगेच पुन्हा पान्हा उचलला. बाजाराला एकच दिवस उरला होता.

आत्याची त्या आठवड्यात निराळीच तक्रार होती. रोज सकाळी शेजारी वडे तळतात आणि वाटीभर आणून देत नाहीत, असं तिचं म्हणणं. त्या दिवशी सकाळी ती हे विचारायलाच कमरेला पदर खोचून बाहेर पडली आणि धुरात शिरून थांबली. शेजाऱ्यांची चूलसुद्धा पेटलेली नव्हती. तिने दोनदा हुंगलं.

"अहो, टाकीत काय घातलंत?"

"डिझेल. दुसरं काय घालणार?"

"हा मोहट्यांच्या तेलाचा वास आहे. मी काय आज ओळखते?"

आतोबांनी लाटणं कानावरून न काढताच सांगितलं की इंजिन कानाने पाहायचं असतं. आत्याने आत जाऊन आमटीची लांब दांड्याची पळी आणली, टाकीचं झाकण उघडलं आणि पळी बुडवून वर काढली. पळीत पिवळट, रवाळ, तुपासारखं थिजलेलं काहीतरी होतं. मोहाच्या बियांचं तेल आमच्याकडे पाड्यापाड्यांवर खातात. आत्याही माहेरी, म्हणजे माझ्या आजोबांच्या घरी, तेच खात मोठी झाली. थंडीत ते थिजतं म्हणून त्याचा डबा चुलीच्या शेजारी ठेवतात, हे तिथल्या कुठल्याही बाईला ठाऊक असतं. सकाळी ते टाकीत आणि नळ्यांत थिजायचं, दुपारी ऊन लागलं की पातळ व्हायचं, आणि आतोबा त्याचं श्रेय पिस्टनला द्यायचे. माझंही चुकलंच. वास मलाही येत होता, पण आतोबांपुढे नाकाचं नाव कोण काढणार?

टाकी रिकामी केली, तेल गाळायचं फडकं गरम पाण्यात धुतलं, नळ्या साफ केल्या आणि ताजं डिझेल भरलं. दुसऱ्या दिवशी उजाडताना आत्याने बंबातलं कढत पाणी नळ्यांवर ओतलं, आतोबांनी हँडल मारलं, आणि मोटार पहिल्याच फेऱ्यात लागली. आठला दहा मिनिटं कमी असताना आम्ही डॉक्टरांच्या दारात होतो. डॉक्टरांच्या दाढीला अजून साबण होता.

पण तेल टाकीत आलं कुठून? कुणीतरी वैऱ्याने खोडी काढली, असं आतोबांचं मत होतं आणि वाटभर त्यांनी संशयितांची यादी सांगितली. मोखाड्याला नेहमीप्रमाणे पाण्यासाठी थांबलो. एरवी मोटार तशीच सोडून आम्ही तिघेही चहाला जात असू; त्या दिवशी चहाला गेल्यासारखं करून झाडाआड उभे राहिलो. थोड्या वेळाने पोशेऱ्याचा तो म्हातारा, त्या सुनेचा सासरा, भोपळ्याच्या तुंब्यातून तेल घेऊन आला, शांतपणे झाकण काढलं, आणि ओतणार तोच आतोबांनी त्याचा हात धरला.

"बाबा, हे काय चाललंय?"

"गाडीला खायाला देतो," म्हातारा म्हणाला. चोरी पकडल्याचा भाव त्याच्या चेहऱ्यावर कुठेच नव्हता. "दर बाजाराला देतो."

"कुणी सांगितलं तुला?"

"सांगाय कशाला पायजे? तू डब्यातून तेल वततोस ते मी बघला. बैल वझा घेऊन दारात आला तं त्याला आपण कोंडा घालतो. हिनं माझे सुनेला नेली, नातीला आणली. ही माझे पुढून उपाशी कशी जाईल?"

"आणि घरी तुम्ही काय खाता?"

"आमी काय, बिनतेलाचा खातो. आमाला डोंगर चढायला तेल लागत नाय."

मी आतोबांकडे पाहिलं. वैऱ्यांची यादी त्यांच्या तोंडातच विरली होती. ते म्हणाले, "बाबा, थंडीत तिला हे सोसत नाही रे. खोकला होतो."

म्हाताऱ्याकडे उपाय तयार होता. "मंग ऊन करून घाल."

डॉक्टर झाडाआडून येता येताच हसू लागले. म्हणाले, आठवडाभर इंजिन सोलण्याआधी यांना बोलावलं असतं तर काम झालं असतं. तेल परत ने, असं आतोबा सांगतील असं मला वाटलं होतं. त्यांनी तुंबा हातात घेतला, टाकीच्या तोंडाशी म्हाताऱ्याची ओंजळ धरली, त्यात चमचाभर तेल ओतून ते त्याच्याच हाताने टाकीत सोडायला लावलं, आणि म्हणाले, "आता तिचं पोट भरलं. उरलेलं सुनेला घाल, ती अंगावर पाजते आहे." म्हाताऱ्याला ते पटलं, पण अर्धंच. अर्धा तुंबा त्याने "तुझे बायकोला" म्हणून माझ्या हातात दिला. त्या दिवशी खोडाळ्याला मी एकेचाळीस नावं लिहिली. गेल्या वेळी परत गेलेली बाई मूल घेऊन आली होती. ताप उतरला होता, तरी डॉक्टरांनी त्याला तपासलं आणि आतोबांनी त्याच्या पाठीला कान लावला.

घरी आल्यावर आतोबांनी तपकिरीची डबी आत्याच्या हातात दिली. "आठवडाभर लपवून ठेव. नाकाचं काय ते एकदा पाहू." तिसऱ्या दिवशी सकाळी ते स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले. "तू पोह्यांना कढीपत्ता घालतेस?" आत्या म्हणाली, "लग्न झाल्यापासून घालते." चौथ्या दिवशी त्यांनी डबी परत मागितली, पण पोहे होईपर्यंत ती उघडायची नाही असा नियम मात्र शेवटपर्यंत पाळला.

आता मोटार नाही, संस्थान नाही, आतोबा आणि आत्याही नाहीत. खोडाळ्याला दवाखाना झाला आणि तो आठवड्याचे सगळे दिवस उघडा असतो. मी जव्हारलाच राहिले. दर वर्षी थंडीच्या तोंडाला पोशेऱ्याहून एक बाई माझ्याकडे तेलाची बाटली घेऊन येते. मोटारीने नेलेल्या त्या सुनेची ती मुलगी. आता तिलाच सुना आल्या आहेत. "गाडीचा वाटा," एवढंच म्हणते आणि चहा घेऊन जाते. गाडी कधीच मोडीत गेली, हे तिला ठाऊक आहे आणि मीही सांगत नाही. पौषात बाटलीतलं तेल थिजतं. मी ती चुलीजवळ ठेवायच्या आधी कानाशी धरते आणि बोटाच्या पेराने एकदा ठोकते. आवाज भरीव येतो, आणि आतोबांना हे सांगायला हवं होतं असं दर वेळी वाटतं.