अक्कांची पाइपमोरी

सदस्यांची मुदत संपली आणि निवडणूक लांबत गेली, तेव्हा मी जिल्हा परिषदेत कनिष्ठ अभियंता होतो. कोणती कामं घ्यायची हे पूर्वी सभेत भांडून ठरायचं. आता प्रशासक निकष लावून ठरवू लागले.

त्या दिवसांत पारोळ्याकडच्या एक माजी सदस्या जळगावला आल्या. सगळे त्यांना अक्का म्हणत. एरवी त्या थेट माझ्या टेबलासमोर येऊन बसायच्या. त्या दिवशी बाहेरच्या बाकावरच बसून राहिल्या. मीच आत बोलावलं.

त्यांच्या गावच्या वस्तीकडे जाताना नाला लागतो. पावसाळ्यात वस्तीवरची पोरं शाळेत पोचत नाहीत. त्या नाल्यावरची पाइपमोरी, म्हणजे खालून पाणी जायला पाइप टाकलेला छोटा पूल, अक्कांनी यादीत घालून घेतली होती, पण मंजुरीआधीच त्यांची मुदत संपली.

"यादीमा शे ना भाऊ?"

"नाही अक्का. वस्ती लहान आहे, निकषात बसत नाही."

"मनी मेंबरकी व्हती तवय बसे!"

ते खरंच होतं. त्या सदस्य असताना वस्ती किती लहान हे कोणी विचारलं नव्हतं. मी नवी यादी त्यांच्यापुढे सरकवली. तीत त्यांच्याच गावच्या शाळेचं छत होतं. ते छत कितीतरी वर्षं गळत होतं, पण कुठल्याच सदस्यानं ते मागितलं नव्हतं. पत्रे बदलले म्हणून कोणी नारळ फोडत नाही, नावाची पाटी लावत नाही.

अक्कांनी त्या ओळीवर बोट ठेवलं. मग हळूच म्हणाल्या, "हाई मी कधी मांगं नही."

उठताना त्यांनी विचारलं, "गावमा सरपंच तं शे ना अजून?"

ग्रामपंचायतीची मुदत संपली नव्हती; तिथे निवडून आलेली माणसं होती. पुढच्या ग्रामसभेला मोरीच्या खर्चाच्या अंदाजपत्रकासाठी मलाही बोलावणं आलं. गावच्या आराखड्यात वेशीवरची स्वागत कमान होती.

"कमान तर ठरलेली आहे," सरपंच म्हणाले.

अक्का उभ्या राहिल्या. "कमानखालतीन पोरं नाला पार करतीन का?"

मागे बसलेल्या बायका आधी हसल्या, मग एकेकीनं हात वर केला. सरपंचांनी इकडे तिकडे पाहिलं आणि कमान मागे ठेवून मोरी आराखड्यात घेतली.

पावसाआधी मोरी झाली. शाळेचे पत्रेही बदलले गेले. प्रशासक, अक्का, ग्रामसभा, यांतलं कुणी एकटं असतं तर यातलं एक काम राहिलंच असतं, असं मला वाटतं.

मोजमापाला गेलो तेव्हा नाल्याच्या खालच्या अंगाला आणखी एक वस्ती दिसली. तिथली माणसं गुडघाभर पाण्यातून येत होती. तिचं नाव मी कुठल्याच यादीत वाचलेलं नव्हतं.